नदी आणि रूळ ओलांडणारा पादचारी पूल: खर्च किती, कोणाचा आणि कधी?

भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणारा लोहमार्ग बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशा गावांतून जातो. त्याच पट्ट्यात नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या दक्षिणेच्या घाटाकडून उतरून पूर्णेकडे धावतात. साहजिकच रूळ आणि नदी ठिकठिकाणी एकमेकांना छेदतात. मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधल्या एका स्टेशनाचे नावच बिस्वा ब्रिज आहे. अशा जागी शेत एका अंगाला, घर दुसऱ्या अंगाला. शाळा पलीकडे, वस्ती अलीकडे. माणसे रुळावरून चालत जातात, पावसाळ्यात नदीत उतरतात, आणि दर निवडणुकीला ‘पादचारी पूल झालाच पाहिजे’ ही मागणी वर येते.

ही मागणी रास्त आहे. पण ‘पूल हवा’ एवढ्या एका ओळीच्या ठरावाने पूल होत नाही. कुठे, किती उंच, किती रुंद, कोणाच्या पैशाने आणि पुढची पन्नास वर्षे कोण सांभाळणार, याची उत्तरे ठरावासोबत जोडली तर कागद टेबलावरून पुढे सरकतो. ग्रामपंचायत सदस्य, नगरसेवक, शाळा समित्या आणि पाठपुरावा करणारे नागरिक यांच्यासाठी हा हिशेब.

यातले दर २०२५च्या आसपासच्या बाजाराचा अंदाज घेऊन धरलेले आहेत. ते निविदेचे दर नव्हेत. तुमच्या जागेचे अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवरच होईल. मात्र कोणत्या गोष्टीने खर्च वाढतो आणि कोणत्या गोष्टीने नाही, हे या हिशेबावरून नेमके कळेल.

आधी हे तपासा: पूलच हवा आहे का?

पुलाआधी तीन पर्याय पडताळून पाहा. त्यातला एखादा जमला तर काही कोटी आणि काही वर्षे वाचतात.

पहिला, स्टेशनवरचा पूल. शेगाव आणि मलकापूर ही दोन्ही स्थानके अमृत भारत स्थानक योजनेत आहेत. स्टेशनचा पूल गावाच्या दोन्ही बाजूंना, फलाटाबाहेर उतरवता आला तर वेगळ्या पुलाची गरज उरत नाही. तो फलाटावरच उतरत असेल, तर रोज ये-जा करणाऱ्याला दर वेळी फलाट तिकीट लागेल, आणि ते कोणी काढत नाही. म्हणून ‘पूल दोन्ही बाजूंना स्टेशनच्या हद्दीबाहेर उतरवा’ ही मागणी भुसावळ विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे नकाशे पक्के होण्याआधीच गेली पाहिजे.

दुसरा, रुळाखालचा भुयारी रस्ता. पुलावर चढायला सात-आठ मीटर लागतात, भुयारात उतरायला त्याच्या निम्म्याहून कमी. म्हातारी माणसे, सायकली, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया यांना भुयार केव्हाही सोयीचे. पण नदीच्या काठाला, काळ्या जमिनीत भुयार म्हणजे पावसाळ्यात पाणी. पाणी आपोआप वाहून जाईल इतका उतार नदीकडे मिळतो का, हे लेव्हल घेऊन पाहावे. मिळत नसेल तर पंप, वीज आणि माणूस यांचा खर्च कायमचा मागे लागतो, आणि ऐन गरजेच्या चार महिन्यांत रस्ता बंद राहतो.

तिसरा, नदीवरच्या रेल्वे पुलाचा काठाकडचा कोरडा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग. त्याखालून पायवाट काढायला रेल्वेची लेखी परवानगी, पुराची खूण दाखवणारी पट्टी आणि पावसाळ्यात बंद करता येईल असे फाटक लागते. आठ महिन्यांची ये-जा यावर भागू शकते. शाळेची मुले याच वाटेने जाणार असतील तर मात्र हा पर्याय पुरेसा नाही, कारण फाटक बंद असेल त्या दिवशी ती पुन्हा रुळावर येतील. तसे ओलांडणे रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जिवाची किंमत तर कुठल्याच कलमात मावत नाही.

चार रूळ धरा, दोन नव्हे

या जिल्ह्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा ते भुसावळ या ३१४ किलोमीटरच्या टप्प्यावर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव याच टप्प्यावर येतात. म्हणजे आज डोळ्यांना दिसणाऱ्या रुळांवर बेतून पूल आखला, तर नवे रूळ टाकताना त्याचा खांब आड येईल आणि पूल पाडावा लागेल.

दोन रुळांसाठी साधारण २४ मीटरचा गाळा धरला, तर चार रुळांसाठी ३६ मीटर धरावा लागतो. वरचे १२ मीटर पुढच्या हिशेबातल्या दराने सुमारे २५ लाखांना पडतात. ते वाचवले आणि पाच वर्षांनी रेल्वेवरचा भाग पुन्हा बांधायची वेळ आली, तर १ कोटी ८० लाखांच्या पुढे जातील. पूल नव्या मार्गाच्या कामासोबतच घेण्याची विनंती केली, तर ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवण्याचा वेळ), क्रेन आणि विजेच्या तारा हलवण्याच्या खर्चातही बचत होऊ शकते. नव्या मार्गांचे नकाशे तयार होत असतानाच मागणी पोहोचवायला हवी.

उंची: बिलाचा खरा आकडा इथे ठरतो

मार्ग विद्युतीकरण झालेला आहे. रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत प्राथमिक नकाशात साडेसहा मीटर मोकळी उंची धरा. नेमका आकडा रेल्वे कळवेल. त्यात पुलाच्या तळाची जाडी मिळवली की चालण्याची पातळी रुळापासून सुमारे साडेसात मीटरवर जाते.

साडेसात मीटर म्हणजे १५ सेंटिमीटरच्या ५० पायऱ्या. चाकाच्या खुर्चीसाठी, सायकलसाठी रॅम्प केला तर बारा मीटरला एक मीटर या चढाने ९० मीटर लांबी लागते. मधले विसाव्याचे सपाट टप्पे आणि वळणे धरली की ती ११० मीटरपर्यंत जाते, आणि तीही एका बाजूला. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ लागू झाल्यापासून सार्वजनिक सोय सर्वांना वापरता येईल अशीच बांधायची आहे. त्यामुळे ‘आधी जिना करू, रॅम्प मागाहून पाहू’ हे चालणार नाही.

नदीजवळ रूळ सहसा भरावावर असतात. भराव दोन मीटर उंच असेल तर लोकांना साडेसात नव्हे, साडेनऊ मीटर चढावे लागते. उंचीच्या प्रत्येक वाढीव मीटरमागे दोन्ही बाजूंच्या रॅम्पवर मिळून वीसेक लाख रुपये वाढतात. म्हणून जागा निवडताना ‘गावाला जवळ कोणती’ याच्या जोडीला ‘भराव कुठे कमी आहे’ हेही पाहा. शंभर पावले बाजूला सरकल्याने वीस-चाळीस लाख वाचत असतील तर ती पावले चालण्यासारखी आहेत. मात्र तीनशे पावले सरकवली तर लोक पूल सोडून रुळावरूनच जातील. ये-जा जिथे आधीपासून आहे, पूल त्याच ओळीत हवा.

नदी आणि रूळ: एकदाच चढा, एकदाच उतरा

रूळ आणि नदी जवळजवळ असतील तर रेल्वेवरची पातळी तशीच नदीवरून पुढे न्यावी. मध्ये उतरून पुन्हा चढायचे म्हणजे आणखी दोन रॅम्प आणि दोन जिने, सुमारे पावणेदोन कोटी. जमिनीवरून उंच चालणारा मार्ग मीटरला दोन लाखांच्या घरात पडतो. म्हणून रूळ आणि नदी यांच्यातले अंतर ८५-९० मीटरपर्यंत असेल तर न उतरता पुढे जाणे स्वस्त पडते, आणि चालणाऱ्यालाही ते सुखाचे. त्याहून अंतर जास्त असेल तर दोन वेगळे पूल आखावेत.

नदीच्या पुलाची उंची महत्तम पूर पातळीवरून ठरते. रस्त्यांच्या पुलांसाठीच्या भारतीय संहितेप्रमाणे सेकंदाला ३०० ते ३,००० घनमीटर विसर्ग असेल तर पूर पातळी आणि पुलाचा तळ यांत किमान १.२ मीटर अंतर लागते. त्याहून मोठ्या विसर्गाला दीड मीटर. पुरासोबत वाहून येणारी झाडे आणि पऱ्हाट्या तळाला अडकू नयेत, यासाठी ही मोकळीक असते. जलसंपदा विभागाकडून निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. जुन्या माणसांनी दाखवलेल्या पुराच्या खुणाही फोटो काढून जोडा. जुलै २०२३मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत जे पाणी आले, ते पाहिलेल्या कोणाला हे पटवून द्यावे लागणार नाही.

जमीन आणि पाणी: खारपाणपट्ट्याची अट

पूर्णेच्या खोऱ्यात खडक खोल आहे. वर काळी, फुगणारी-आकसणारी माती आणि खाली गाळाचे थर. उथळ पाया घेतला तर दोन-तीन पावसाळ्यांत पायऱ्या आणि खांब यांच्यामध्ये भेगा पडतात. म्हणून जमिनीत खोल उतरणारे पाइल घ्यावे लागतात. प्रत्येक खांबाच्या जागी बोअर घेऊन मातीची तपासणी करा. पाच बोअरना पाचेक लाख लागतील. ही काटकसरीची जागा नव्हे. तपासणीवाचून पायाची खोली अंदाजाने लिहिली गेली, तर काम सुरू झाल्यावर ‘वाढीव बाब’ म्हणून त्याच्या कितीतरी पट रक्कम निघते.

दुसरी गोष्ट फार कमी जण तपासतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत खारपाणपट्टा आहे. कामाच्या जागी बोअरचे खारे पाणी सहज मिळते, ठेकेदार तेच काँक्रीटमध्ये घालतो आणि नंतर त्यावर मारतोही तेच. भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमहून जास्त नको. जास्त असेल तर आतली सळई गंजते, फुगते, आणि काही वर्षांत खांबाच्या कोपऱ्यावर उभा तडा दिसतो. त्या तड्यातून तांबूस ओघळ आला की समजा, पाणी खारे होते. पाण्याच्या एका चाचणीचा खर्च काही हजारांचा आहे. चाचणीत पाणी नापास झाले तर टँकरने गोडे पाणी आणणे ठेकेदारावर बंधनकारक आहे, हे निविदेत लिहून घ्या.

रुंदी आणि भार: जत्रेच्या दिवसाचा विचार

पादचारी पुलासाठी रस्त्यांच्या संहितेत चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात. तीर्थक्षेत्र किंवा मोठी जत्रा भरणाऱ्या गावाजवळ तो ५०० किलो धरावा, असे तीच संहिता सांगते. रेल्वेच्या नियमात हा आकडा ४९० किलो आहे. शेगावात प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमीला किती माणसे लोटतात हे सांगायला नको. शेगाव परिसरातल्या पुलाच्या नकाशावर ५०० हा आकडा लिहिलेला आहे का, ते स्वतः पाहा. ३० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद गाळ्यावर याचा अर्थ ४५ टन माणसे. पूल एवढा भार पेलणारा हवा.

रुंदी किमान ३ मीटर ठेवा. तीर्थाच्या वाटेवर ती गर्दी मोजूनच ठरवा, आणि जिना पुलाएवढाच रुंद हवा. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी अरुंद जिन्यावरच्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. गर्दी पुलावर मावते, जिन्यावर तुंबते.

गर्दीचे आणखी एक अंग आहे. लंडनचा मिलेनियम पादचारी पूल जून २००० मध्ये उघडला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी आडवा डोलू लागल्यामुळे दोन दिवसांतच बंद करावा लागला. दुरुस्ती होऊन तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. लांब आणि हलक्या गाळ्याच्या नकाशात कंपनांचा हिशेब केलेला आहे का, हा प्रश्न सल्लागाराला विचाराच.

नमुना हिशेब

समजा, नदीचे पात्र ६० मीटर आहे आणि त्यासाठी ३० मीटरचे दोन गाळे. शेजारी चार रुळांसाठी ३६ मीटरचा एक गाळा. रुंदी ३ मीटर. जमीन रुळाच्या पातळीला. पाइल २० मीटर खोल.

नदीवरचा भाग:
- पोलादी सांगाडा ५४ टन, टनाला सव्वा लाख: ६७.५ लाख
- तळ आणि कठडे: १६.८ लाख
- बारा पाइल, मीटरला १६ हजार: ३८.४ लाख
- खांब आणि पाइलवरचे माथे: ३० लाख
- एकूण: सुमारे १ कोटी ५३ लाख

रेल्वेवरचा भाग:
- पोलादी सांगाडा ४० टन, टनाला १ लाख ६० हजार: ६४ लाख
- तळ, कठडे आणि विजेच्या तारांवरची संरक्षक जाळी: १३ लाख
- आठ पाइल: २५.६ लाख
- खांब आणि माथे: २५ लाख
- क्रेन, रात्रीचे ब्लॉक, गाळा बसवणे: ३० लाख
- विजेच्या तारा आणि सिग्नलच्या केबल हलवणे: २५ लाख
- एकूण: सुमारे १ कोटी ८३ लाख

चढ-उतार आणि दिवे:
- दोन जिने: २४ लाख
- दोन रॅम्प, प्रत्येकी ११० मीटर, मीटरला ७० हजार: १ कोटी ५४ लाख
- दिवे: १५ लाख

मूळ कामाची बेरीज ५ कोटी २९ लाख. आता बहुतेक ठराव विसरतात तो भाग:
- वस्तू व सेवा कर १८ टक्के: ९५.२ लाख
- बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का: ५.३ लाख
- आकस्मिक खर्च ४ टक्के: २१.२ लाख
- सर्वेक्षण, माती परीक्षण, संकल्पचित्रे, पडताळणी ३ टक्के: १५.९ लाख
- रेल्वे हद्दीतल्या कामावर देखरेख शुल्क १२.५ टक्के धरून: २२.९ लाख

सगळे मिळून सुमारे ६ कोटी ९० लाख. जमीन घ्यावी लागली तर ती रक्कम वेगळी.

या यादीतून दोन गोष्टी दिसतात. दोन रॅम्पचा खर्च अख्ख्या नदी-पुलाएवढा आहे. आणि नदीपेक्षा कमी लांबीचा असूनही रेल्वेवरचा गाळा महाग पडतो, कारण तिथे धावत्या गाड्यांच्या मधल्या वेळात, तारांचा वीजपुरवठा थांबवून काम करावे लागते.

रॅम्पऐवजी लिफ्ट बसवल्या तर सुरुवातीला पन्नासेक लाख वाचतील. पण वीज, देखभालीचा करार आणि रखवालदार यांचा खर्च कायमचा राहतो. ज्या नगरपालिकेला पथदिव्यांचे बिल भरणे जड जाते, तिथली लिफ्ट वर्षभरात बंद पडते. गर्दीच्या, कर्मचारी असलेल्या स्टेशनात लिफ्ट ठीक. गावकुसाच्या पुलाला रॅम्पच बरा. जिन्याच्या कडेला सायकल ढकलत नेण्यासाठी अरुंद पट्टी काढली तर खर्च नगण्य आणि उपयोग रोजचा.

पैसा कोणाचा?

रेल्वे कायद्याच्या कलम १७ प्रमाणे राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था रुळावरून, रुळाखालून वा रुळाला छेदून रस्ता किंवा अन्य काम मागू शकते, पण स्वतःच्या खर्चाने. म्हणजे स्टेशनबाहेरच्या पुलाचा मुख्य भार ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा राज्यावर येतो. रेल्वे पैसे आगाऊ भरून घेते आणि काम करते. याला डिपॉझिट वर्क म्हणतात. रेल्वे फाटक बंद करून त्या बदल्यात पूल मागितला तर रेल्वेचा वाटा मिळवण्याची शक्यता वाढते. त्यासाठी ‘फाटक बंद करण्यास हरकत नाही’ असा ठराव लागेल. तो करण्याआधी बैलगाडी आणि ट्रॅक्टर कुठून जाणार, याचा विचार करा.

निधीचे मार्ग असे: खासदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, आमदारांचाही ५ कोटी, पण तो अख्ख्या मतदारसंघासाठी. कोणीही सगळा एका पुलाला देणार नाही. जिल्हा नियोजन समिती, नगरोत्थान, तीर्थक्षेत्र विकास, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांतून तुकडे जोडावे लागतात. जोडताना एक दक्षता घ्या. रेल्वेवरच्या भागाचा पूर्ण पैसा एकाच वेळी हातात हवा. नदीचा पूल झाला आणि रुळावरचा राहिला, तर लोक पुलावरून उतरून थेट रुळावर येतील. तो अपघाताला नेणारा रस्ता होईल.

कमी पैशात कुठे भागते, कुठे नाही

फक्त नदी ओलांडायची असेल तर झुलता पूल स्वस्त पडू शकतो. कर्नाटकातल्या सुळ्याचे अभियंते गिरीश भारद्वाज यांनी १९८९ पासून दुर्गम गावांसाठी असे कमी खर्चाचे पूल उभे केले, २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अरुंद, ठरावीक माणसांच्या ये-जा साठी हा उपाय चांगला आहे. विजेच्या तारांवरून रूळ ओलांडायला मात्र तो उपयोगाचा नाही, आणि यात्रेच्या गर्दीलाही नाही. गुजरातेत मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गर्दीने भरलेला असताना कोसळला.

बचत करायचीच तर सांगाड्याचा आकार साधा ठेवा, सगळे गाळे शक्य तितके एकाच लांबीचे घ्या, कमानी आणि रंगीत छते टाळा. पाइलची खोली, बोल्टांची प्रत, गंजरोधक लेप आणि पाण्याचा निचरा यांत एक रुपयाही वाचवू नका.

पूल उभा राहिल्यावर

१५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, चार जण गेले. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी बल्लारशाह स्टेशनवर पादचारी पुलाचा भाग रुळांवर पडला आणि एका शिक्षिकेचा जीव गेला. पूल बांधल्यावर तो सांभाळण्याची रक्कम कोणाच्या अंदाजपत्रकात आहे, हे आधीच ठरवायला हवे.

वरच्या नमुन्यातल्या पुलाला वर्षाला मूळ खर्चाच्या एक टक्का, म्हणजे ५ लाखांच्या आसपास बाजूला ठेवा. रेल्वे हद्दीतल्या भागाचे देखभाल शुल्क किती आणि ते एकरकमी की वर्षावर, हे करारात लिहून घ्या. गावाने स्वतः दरवर्षी दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, चार जागा पाहाव्यात:

- लोखंडी खांब काँक्रीटमध्ये शिरतो तो पायथा. तिथे माती आणि कचरा साचतो, ओल टिकते आणि पोलाद आतून खाल्ले जाते. माती झाडून, बोटाने खरवडून पाहा. पापुद्रे निघत असतील तर लेखी कळवा.
- गाळ्यांच्या मधली फट. उन्हाळ्यात पोलाद प्रसरण पावते. फटीत दगड अडकला असेल तर टोकाचे बोल्ट ताणले जातात.
- निचऱ्याची भोके. पावसात पाणी वर साचते का, ते उभे राहून पाहा.
- नदीतल्या खांबाभोवतीची माती. पुरानंतर खड्डा पडला असेल तर वाहतूक थांबवून अभियंत्याला बोलवा.

दोन्ही तोंडांना मोटारसायकल शिरणार नाही असे खुंट हवेत. पण चाकाची खुर्ची गेली पाहिजे, म्हणून दोन खुंटांमधले अंतर नकाशातच लिहा.

किती दिवस लागतील?

सर्वेक्षण आणि माती परीक्षणाला दोन-तीन महिने. रेल्वेकडून पुलाच्या सर्वसाधारण आराखड्याला मान्यता मिळायला सहा महिने ते वर्ष. त्यानंतर आयआयटी किंवा एनआयटीसारख्या संस्थेकडून संकल्पचित्रांची पडताळणी, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, निविदा. रुळावरच्या कामाला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. प्रत्यक्ष बांधकाम दीड वर्षाचे.

नदीतला पाया नोव्हेंबर ते मे या महिन्यांतच होतो. कार्यारंभ आदेश फेब्रुवारीत निघाला तर पाया अर्धवट राहून पाऊस येतो आणि पूर्ण वर्ष जाते. म्हणून आदेश दिवाळीच्या आत निघेल असा पाठपुरावा करा. घाई असेल तर काम वेगाने होऊ शकते, याचा दाखलाही आहे. एल्फिन्स्टनच्या दुर्घटनेनंतर लष्कराने बांधलेला पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे पाच महिन्यांत खुला झाला. तो वेग दुर्घटना होण्याआधी मिळावा, एवढ्याचसाठी हा सगळा आटापिटा.

ठराव असा करा

ग्रामसभेच्या किंवा नगरपालिकेच्या ठरावात ‘पूल व्हावा’ याच्या खाली हे मुद्दे लिहा:

- सकाळी आणि संध्याकाळी तासागणिक किती माणसे ओलांडतात, त्यात शाळेची मुले किती. मोजणी किमान सात दिवसांची आणि त्यातला एक दिवस आठवडी बाजाराचा असावा.
- पूल चार रुळांसाठी आखावा.
- दोन्ही बाजूंना रॅम्प असावा.
- जागेवरच्या पुराच्या खुणांचे फोटो जोडले आहेत.
- देखभालीचा वार्षिक खर्च कोण देणार, त्याची रक्कम किती.
- दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत, किमान पाच वर्षांचा असावा.

शेजारच्या स्टेशनात किंवा तालुक्यात झालेल्या पादचारी पुलाचे अंदाजपत्रक आणि अंतिम देयक माहिती अधिकारात मागवा. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मूळ आकडा कुठे वाढला ते दिसते, आणि आपल्या अंदाजपत्रकात त्या बाबी आधीच धरता येतात. ठरावाची एक प्रत भुसावळच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या आणि प्रत्येकीवर पोच घ्या. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाचे काम येत्या काही वर्षांत आकार घेणार आहे, तेव्हा आपल्या गावाची मागणी मोजणी आणि नकाशा यांसकट आताच त्यांच्या टेबलावर असायला हवी.